रमाबाईंची साक्ष : बुद्धी आणि हृदय

पंडिता रमाबाईंच्या चरित्राचे दोन तुकडे करण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. एक तुकडा पांडित्याचा. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितसभेने गौरविलेल्या, १८८२ साली 'स्त्रीधर्मनीति' लिहून हंटर कमिशनपुढे निर्भयपणे बोललेल्या रमाबाई त्यात येतात. दुसरा तुकडा केडगावच्या मुक्तिसदनाचा, भजनाचा आणि प्रार्थनेचा. पहिल्या रमाबाईंपुढे आपण हात जोडतो, दुसऱ्यांविषयी हळहळतो. एवढी कुशाग्र बुद्धी शेवटी भावनेच्या पुरात वाहून गेली, असा त्या हळहळीचा मथितार्थ असतो. १९०७ साली त्यांनी लिहिलेली 'साक्ष' पुन्हा वाचताना आम्हांस हा निवाडा अगदी कच्चा वाटला.

पुस्तक लहान आहे. बदलीच्या गावी नेण्याच्या पेटीत सहज मावेल असे. त्यातील आसामचा भाग तर स्वभाषेपासून दूर पडलेल्या आमच्यासारख्यांनी अवश्य वाचावा. सिल्चर येथे आपल्याच घरातील पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमान सापडले, तेही बंगालीत. वाचून कुतूहल जागे झाले, पण बाप्तिस्मा झाला तो १८८३ साली, इंग्लंडात वाँटेज येथे. मधल्या काळात निळकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाने त्यांची बुद्धी पटविली. हे गोरे काशीत वाढलेले दर्शनशास्त्री. १८४८ साली ते ख्रिस्ती झाले, तरी शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. गुरू असा लाभल्यावर शिष्या प्रश्न विचारणार नाही, हे कसे संभवेल ? वाँटेजच्या जेराल्डिनबाईंशी रमाबाईंनी घातलेला वाद १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारात पाहावा. चर्च सांगते म्हणून एखादे मत मान्य करण्यास त्या साफ नकार देतात. ब्राह्मणांचे जोखड फेकून पाद्र्यांचे मानेवर घेण्यासाठी आपण आलो नाही, हा त्या पत्रांचा सूर आहे.

आणि तरीही १८९१ च्या सुमारास त्यांना जाणवले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. 'साक्षी'चे मर्म येथे आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, शारदासदन चालवीत असताना, स्वतःविषयी असे लिहिण्यास केवळ भाविकता पुरत नाही. आपल्या श्रद्धेत काय उणे आहे हे ज्या बुद्धीने तपासून काढले, ती निजली होती असे कोण म्हणेल ? भोळ्या भाविकास ही उणीव दिसलीच नसती.

रेव्हरंड टिळकांची वाट निराळी. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तचरणी आलो असे ते सांगत. त्यामुळे त्यांच्या अभंगांत ओलावा आहे, मराठी कानाला घरचा वाटणारा. रमाबाईंच्या गद्यात तो नाही. येथे त्यांच्या कैवाऱ्यांनीही डोळेझाक करू नये. बायबलचे भाषांतर करण्यासाठी त्या उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. हिंदू कल्पनांचा वास येणारे शब्द निग्रहाने टाळले. अशिक्षित बाईलाही कळावे म्हणून सोपी भाषा योजिली. हेतू थोर; परंतु मुळाशी इमान राखण्याच्या हट्टाने वाक्ये जागोजाग अवघडतात, आणि सरस्वती ही पदवी मिळविणाऱ्या बाईंनी आपल्याच कानावर किती अन्याय केला असेल, असे मनात येते. ओलावा टिळकांकडे अधिक, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

मात्र भावनेत बुद्धी बुडाली म्हणणाऱ्यांनी या भाषांतराचा हिशेब द्यावा. पुरात वाहून गेलेले माणूस हिब्रूची धातुरूपे घोकीत बसत नाही. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली. त्या दुःखातही काम थांबले नाही. भाषांतर पुरे करून रमाबाईंनी ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला १९२४ साली, मुक्तिसदनाच्याच छापखान्यातून.