लहान्यावर कर्ज किती होतं?

अन्यायावरचा चित्रपट पाहून माणूस पेटून उठतो, असं आपण सहज म्हणतो. पेटतो हे खरं. पण पेटलेला माणूस थिएटरबाहेर पडल्यावर नेमकं काय करतो, याची चौकशी आपल्या समीक्षेने फारशी केलेली नाही. वेठबिगारीच्या संदर्भात ती करायची तर भिवंडीपासून सुरुवात करावी. मुंबईच्या इमारतींना लागणारी वीट ज्या पट्ट्यात भाजली जाते त्यात भिवंडी तालुका येतो, आणि जव्हार-मोखाड्याकडची कातकरी कुटुंबं दर हंगामात इथल्या भट्ट्यांवर उतरतात.

गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ १९८० सालचा; लेखन विजय तेंडुलकरांचं. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी मजूर लहान्या भिकू जवळजवळ चित्रपटभर तोंड उघडत नाही. त्याचा तरुण वकील भास्कर कुलकर्णी त्याला बोलतं करण्याची धडपड करतो. शेवटी बापाच्या चितेपाशी लहान्या स्वतःच्या बहिणीवर कुऱ्हाड चालवतो आणि मग त्याचा आवाज आपल्या कानी पडतो. ओम पुरींच्या त्या मौनाच्या तोडीचं दुसरं मौन हिंदी पडद्यावर मला आठवत नाही. पण हे मौन आपण ऐकतो ते भास्करच्या कानांनी. त्याची तगमग आपली होते. लहान्या अखेरपर्यंत समोरच्या बाकावरच राहतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी भिवंडीत हा चित्रपट दाखवला. कॉलेजची मुलं होती, यंत्रमागावरचे काही कामगार होते, भट्टीवर वाढलेले दोन-तीन कातकरी तरुणही होते. नंतरच्या चर्चेत मुलं व्यवस्थेवर बोलली, चांगलंच बोलली. भट्टीवरच्या एका पोराने एवढंच विचारलं, “लहान्यावर कर्ज किती होतं?”

कुणालाच सांगता येईना. चित्रपटाचा रोखच तिकडे नाही.

प्रश्न मात्र नेमका होता. भट्टीवरची गुलामी चाबूक घेऊन येत नाही, वही घेऊन येते. पावसाळ्यात हाताला काम नसतं तेव्हा बयाणा मिळतो. दिवाळीनंतर बायकापोरांसह कुटुंब भट्टीवर जातं. आठवड्याला खर्ची मिळते तीही वहीत चढते. हिशेब हंगामाच्या शेवटी, वही मालकाकडे, आणि फिटलं नाही ते पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. यात खून नसेल, बलात्कार नसेल. कॅमेऱ्याने टिपावं असं काहीच नसेल. २०२१ साली मोखाडा तालुक्यातून बातमी आली होती. मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या ५०० रुपयांपायी एक बाप मालकाकडे राबत राहिला आणि त्याने आत्महत्या केली. ती बातमी आपल्याला हलवून गेली ती त्यातल्या आकड्यामुळे.

आकड्याची ताकद तेंडुलकरांना ठाऊक होती. इंडियन एक्स्प्रेसच्या अश्विनी सरीन यांनी १९८१ मध्ये एक बाई विकत घेऊन बाजार उघडा पाडला. त्यावरून आलेल्या ‘कमला’ नाटकात तिची किंमत अडीचशे रुपये आहे. तीच कमला पत्रकाराच्या बायकोला, सरिताला, तिची किंमत विचारते तेव्हा प्रेक्षागृह गप्प होतं. पुढे सरिता जागी होते. कमलाची मात्र रवानगी अनाथाश्रमात होते! अन्यायाच्या कलाकृतीत जाग येते ती बहुधा अशी बघणाऱ्याला.

भिवंडी-वसईच्या पट्ट्यात जाग वेगळ्या वाटेने आली. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या लग्नगड्यांची हकिकत आहे, लग्नापुरत्या पैशासाठी जन्म गहाण टाकणारी ती माणसं १९४५च्या वारली उठावात उभी राहिली. १९८२ मध्ये विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या पुढाकाराने श्रमजीवी संघटना निघाली. वेठबिगारांना मुक्त करण्याच्या या कामासाठी पंडित दांपत्याला १९९९ साली लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलचा पुरस्कार मिळाला. भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगा शाळाही याच कामातून निघाल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरचं तात्पुरतं खोपटं. या सगळ्याच्या मुळाशी मला कुठे चित्रपट दिसत नाही. दिसतो तो १९७६चा कायदा. त्याने वेठबिगाराचं कर्ज कायद्यानेच रद्द ठरवलं. पुढे १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, मजूर सक्तीने राबतो असं दिसलं तर ते कर्जापायीच आहे असं गृहीत धरावं. तसं नाही हे मालकाने सिद्ध करावं. म्हणजे वही मालकाकडे असली तरी पुराव्याचं ओझं मजुराच्या डोक्यावर नाही.

हे पडद्यावर आलेलं मी पाहिलेलं नाही. ‘जय भीम’ (२०२१) मध्ये निदान हेबियस कॉर्पस म्हणजे काय, अर्ज कसा पडतो, हे सामान्य प्रेक्षकाला कळतं. त्यातही नायक वकीलच आहे, पण घरी नेण्यासारखं काहीतरी हाती लागतं. आमच्या भट्टीवरचा चित्रपट कुणी काढलाच तर त्यात जिल्हाधिकाऱ्याकडचा अर्ज असावा, मुक्तीचा दाखला असावा, आणि ती वही जवळून, ओळ न् ओळ वाचता येईल अशी दिसावी.

तो दाखवायचा मात्र भिवंडीच्या सभागृहात नव्हे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, श्रावणात, बयाण्याचे पैसे हातावर पडण्याच्या आधी. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा यंदाचा बयाणा देऊन झालेला असेल आणि टेम्पो भिवंडीच्या वाटेला लागले असतील.