संशोधन, शासन आणि करदाता : मिठाच्या निमित्ताने एक चिकित्सा

शास्त्रीय संशोधनावर शासनाने जनतेच्या करातून खर्च करावा की करू नये, ह्या प्रश्नाची चर्चा बहुधा मोठ्या शब्दांच्या आधारे होते. एक पक्ष राष्ट्राच्या प्रगतीचा दाखला देतो, दुसरा व्यक्तीच्या कष्टार्जित द्रव्याचा. ‘शासन’, ‘संशोधन’ आणि ‘करदाता’ ह्या तीन शब्दांचे अर्थ दोन्ही पक्ष निश्चित धरून चालतात. वस्तुतः वादाचे अर्धे मर्म त्या अर्थांतच दडलेले असते. एखादे लहान आणि मूर्त उदाहरण घेतल्यास ते मर्म उघड होते. मीठ हे असे उदाहरण आहे, आणि ते पाहण्यास भाईंदरसारखे दुसरे सोयीचे स्थळ नाही.

मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत ती आठ लाखांच्या पुढे गेली. २००२ साली महानगरपालिका झालेल्या ह्या नगराची जुनी ओळख मात्र इमारतींची नसून मिठागरांची होती. उधाणाचे पाणी खाडीतून खाजणात घ्यावे, बांधाबांधांतून ते उन्हात आटवावे आणि पावसाळ्यापूर्वी मीठ उचलावे, हा येथील व्यवसाय. ‘आगर’ ह्या शब्दाशी निगडित असलेले ‘आगरी’ हे जातिनामच ह्या व्यवसायाची साक्ष देते.

मीठ आणि कर ह्यांचा संबंध सर्वपरिचित आहे. १८८२ च्या कायद्याने मिठाच्या उत्पादनावर इंग्रज सरकारचे पूर्ण नियंत्रण होते. १९३० साली वडाळ्याच्या व शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाले. १९४७ साली तो कर उठला. इतका इतिहास पाठ्यपुस्तकांतही आढळतो. त्याचा पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५३ साली मिठावर एक नवा, अल्पसा उपकर बसवणारा कायदा केला. जुना कर सरकारच्या तिजोरीसाठी होता. हा उपकर मिठासाठीच खर्च व्हावयाचा होता. खर्चाच्या बाबींत संशोधन केंद्रे व आदर्श मिठागरे चालवणे, मिठाची प्रतवारी ठरवणे, उत्पादकांत सहकार वाढवणे आणि मिठागरांतील मजुरांचे कल्याण साधणे ह्यांचा समावेश होता. पुढे हा उपकर रद्द झाला. तथापि संशोधनासाठी कर घ्यावा की नाही, ह्या प्रश्नाला संसदेने एकदा दिलेले स्पष्ट उत्तर म्हणून त्याचे महत्त्व राहतेच.

त्या यादीतील पहिली जोडी लक्षणीय आहे. कायद्याने संशोधन केंद्राचा उच्चार एकट्याने केलेला नाही. त्याच्या शेजारी आदर्श मिठागर ठेवले आहे. केंद्रात जे कळेल ते आगरावर दिसावे, ही अपेक्षा त्या शब्दयोजनेतच आहे. प्रस्तुत चिकित्सेचा मुख्य मुद्दा ह्या जोडीतूनच निघतो. त्यापूर्वी ‘करदाता’ ह्या शब्दाकडे पाहणे इष्ट ठरेल.

‘दाता’ म्हणजे देणारा. आणि मराठीत ह्या शब्दाला औदार्याची छटा आहे. अन्नदाता, जीवनदाता, रक्तदाता हे शब्द ती छटा पक्की करतात. त्यामुळे ‘करदाता’ म्हणताच वर्षाअखेरीस विवरणपत्र भरणारा, देण्याची जाणीव असलेला आणि म्हणून जाब विचारण्याचा अधिकार असलेला गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. मिठावरील कर ही प्रतिमा खोडून टाकतो. मीठ विकत घेत नाही असे घर नाही. तो कर मिठाच्या किमतीत मिसळून जातो, तेव्हा देणाऱ्यास आपण काही देत आहोत ह्याची वार्ताही नसते. ह्या अर्थाने उत्तनची मासळी सुकवणारी स्त्री, बांधावरील मजूर आणि मुंबईचा प्राध्यापक हे तिघेही करदाते होत. ‘करदात्याचा पैसा’ हा शब्दप्रयोग करून जो कोणी संशोधनाच्या बाजूने वा विरोधात बोलतो, त्याने ह्या तिघांचाही विचार केला आहे काय, हे प्रथम तपासले पाहिजे.

आता विरोधी पक्षाचे म्हणणे पाहू. ह्या पक्षाची सविस्तर मांडणी टेरेन्स कीली ह्या इंग्रज जीवरसायनशास्त्रज्ञाने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळते. संशोधन हे उद्योगातून व व्यक्तींच्या जिज्ञासेतून आपोआप उगवते; शासनाने पैसा ओतल्यास खाजगी पैसा मागे सरतो आणि एकूण लाभ वाढत नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. हे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नाही. मिठाचेच पाहावे. पाणी आटू लागले म्हणजे प्रथम चुन्याचे क्षार खाली बसतात, मग मीठ धरू लागते, आणि उरलेले कडवट पाणी वेळीच काढून न टाकल्यास मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरून ते कडू व ओलसर होते. रसायनशास्त्र हा क्रम घनतेच्या अंशांत मांडते. बोमे मापकावर २५ अंशांच्या सुमारास मीठ धरू लागते. आगरावरील अनुभवी माणसास हा मापक माहीत नसतानाही पाण्याचा रंग व स्पर्श ह्यांवरून हा क्रम कळत असे. हे ज्ञान कोणत्याही अनुदानाविना पिढ्यान्‌पिढ्या जमले. ज्याचा लाभ ज्याचा त्यास त्याच हंगामात मिळतो, असे ज्ञान मनुष्य स्वतःच्या खर्चाने मिळवतो, इतके कीलीच्या बाजूने मान्य केले पाहिजे.

परंतु त्याच मिठाच्या इतिहासात ही उपपत्ती पूर्णपणे कोसळते असाही एक अध्याय आहे. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंडाचा विकार पूर्वापार होता. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी कांगडा खोऱ्यात प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन विभाग पाडले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ पुरवले, तिसऱ्यास साधे. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांत विकार स्पष्टपणे घटला, तिसऱ्यात घटला नाही; पुढे तिसऱ्या विभागासही आयोडीनयुक्त मीठ दिल्यावर तेथेही तो घटला. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

हा प्रयोग कोणत्या मीठ-उत्पादकाने केला असता? निष्कर्ष हाती येण्यास कित्येक वर्षे लागणार होती. तो निघाल्यावर कोणाही उत्पादकास फुकट वापरता येणार होता. आणि ज्यांचा लाभ व्हावयाचा ती डोंगरातली गरीब माणसे व त्यांची न जन्मलेली मुले होती. अशा ज्ञानास बाजारात गिऱ्हाईक नसते. रिचर्ड नेल्सन ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५९ साली हेच तत्त्व सामान्य रूपात मांडले : मूलभूत संशोधनाचा लाभ करणाऱ्याच्या हाती न राहता सर्वत्र पसरतो, म्हणून खाजगी उद्योग त्यावर समाजाच्या गरजेहून कमी खर्च करतो. तात्पर्य, शासनाने पैसा द्यावा काय, ह्या प्रश्नाचे कांगड्याचे उत्तर निःसंदिग्धपणे होकारार्थी आहे.

अनुकूल पक्ष सामान्यतः येथेच थांबतो, आणि त्याचा दोषही येथेच सुरू होतो. व्हॅनेव्हर बुश ह्यांनी १९४५ साली अमेरिकेच्या अध्यक्षांस सादर केलेला अहवाल आणि भारत सरकारचा १९५८ चा विज्ञानविषयक धोरणाचा ठराव, हे ह्या पक्षाचे आधारग्रंथ म्हणता येतील. दोहोंत एक श्रद्धा समान आहे : ज्ञान निर्माण झाले म्हणजे त्याचे लाभ लोकांपर्यंत पोहोचविता येतील. ते कोणत्या वाटेने, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या पदरी कोणता भार टाकून पोहोचतील, ह्याविषयी त्यांत फारच थोडे आहे.

कांगड्याचे फळ भाईंदरला कोणत्या रूपाने आले हे पाहिल्यास ही उणीव ध्यानात येते. आयोडीनची कमतरता केवळ हिमालयात नसून देशाच्या इतर भागांतही आहे, असे पुढील पाहण्यांत दिसून आल्यावर खाण्याचे सर्वच मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण ठरले. आयोडीनविरहित मीठ खाण्यासाठी विकण्यावरील बंदी केंद्र शासनाने २००० साली उठवली आणि २००६ साली पुन्हा लागू केली. उत्पादनाच्या ठिकाणी मिठात दशलक्षांशी ३० भाग आणि ग्राहकाच्या हाती पडताना १५ भाग आयोडीन असावे, असे प्रमाण ठरले. आरोग्याच्या दृष्टीने हे धोरण योग्य आहे. परंतु आयोडीनचे द्रावण सारखे फवारणे, मीठ कोरडे ठेवणे, त्याची तपासणी करणे आणि थैल्या भरणे हे मोठ्या कारखान्यास सहज जमते. बांधावर मिठाची रास लावणाऱ्या लहान आगरास ते जमत नाही. टाटा केमिकल्सने १९८३ साली आयोडीनयुक्त थैलीबंद मीठ बाजारात आणले, आणि आज देशातील बहुतांश मीठ एकट्या गुजरातेत पिकते. भाईंदरच्या मिठागरांच्या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत. वाढते नगर, जमिनीची किंमत व खाडीचे दूषित पाणी ही त्यांतील प्रमुख होत. नियमाने त्यांत भर घातली एवढेच म्हणता येईल. तथापि एक गोष्ट निश्चित : ज्या संशोधनाचा खर्च सर्वांनी उचलला, त्याच्या लाभाचा एक वाटा मोठ्या उत्पादकाकडे गेला आणि त्याच्या भाराचा एक वाटा लहान आगराकडे आला. संशोधनाच्या जमाखर्चात हा दुसरा रकाना कोठेच मांडलेला आढळत नाही.

ह्याहून गंभीर बाब अशी की, आगरापर्यंत नियम आला, पण त्या नियमामागील ज्ञान आले नाही. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असते, मग समुद्राच्या मिठात ते का घालावे, अशी शंका कोणाही विचारी माणसास येईल, आणि ती मूर्खपणाची नाही. तिचे उत्तर सोपे आहे : समुद्राच्या पाण्यात आयोडीनचे प्रमाण मुळातच अत्यल्प असते आणि मीठ धरताना त्यातले फारच थोडे मिठात उतरते. दोन वाक्यांचे हे उत्तर आगरावरील माणसाच्या बोलीत त्यास मिळाले असते, तर बंदी त्यास जुलूम न वाटता निदान समजली असती. १९५४ साली भावनगर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेल्या केंद्रीय मीठ संशोधन संस्थेने मिठाच्या प्रतीवर व उरलेल्या कडवट पाण्यापासून उपयुक्त क्षार काढण्यावर मोलाचे काम केले आहे. ते काम मुख्यतः इंग्रजी नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले. ज्या लोकांविषयी ते होते, त्यांच्या हाती ती नियतकालिके पडण्याचा संभव नव्हता.

हा दोष केवळ रसायनशास्त्राचा नाही. भाषाशास्त्रही त्याच्या वाट्याचे धनी आहे. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली सरकारी खर्चाने निघाला. त्यात कोकणपट्टीतील आगरी व कोळी बोलींचीही नोंद आहे. हा खर्च मिठावरील करासह सर्व करांच्या तिजोरीतूनच झाला. ग्रंथ इंग्रजीत; आणि ज्यांच्या तोंडचे शब्द त्यात उतरवून घेतले, त्यांस तो कधी दाखवला गेला असेल असे मानण्यास आधार नाही. आज भाईंदर, राई, मुर्धे व उत्तन येथील जुन्या बोली वाढत्या नगरात वेगाने पातळ होत आहेत, तेव्हा त्या नोंदींचे मोल फार मोठे आहे. असा ग्रंथ विकून कोणताही प्रकाशक श्रीमंत झाला नसता. म्हणजे येथेही शासनाचा खर्च समर्थनीयच होता. अपुरे राहिले ते परत करण्याचे काम.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, शास्त्रज्ञास उपयोगाच्या व लोकरंजनाच्या दावणीस बांधल्यास शास्त्र खुंटेल. मायकेल पोलान्यी ह्यांनी १९६२ साली शास्त्रज्ञांच्या स्वायत्ततेचा हा पक्ष समर्थपणे मांडला होता. परंतु येथे विषयनिवडीचे स्वातंत्र्य हिरावण्याची सूचना नाही. काय शोधावे हे शास्त्रज्ञाने ठरवावे. काय सापडले हे सांगण्याचे बंधन तेवढे त्याने स्वीकारावे. दुसरा आक्षेप असा की, मराठीत अशा विषयांची परिभाषा नाही. हा आक्षेप कार्यकारणाचा क्रम उलटा लावतो. परिभाषा वापरातून येते. खाजण, बांध, उधाण, भांग, आगर ह्या शब्दांचा संच ज्या भाषेत आहे, तिला मिठाविषयी बोलता येत नाही असे म्हणणे विचित्र होय.

‘संशोधन’ ह्या शब्दातील ‘शुध्’ ह्या धातूचा अर्थ शुद्ध होणे असा आहे. मीठ शुद्ध करावयाचे तर कडवट पाणी वेळीच बाहेर सोडावे लागते. सार्वजनिक संशोधनाच्या हिशोबातही असेच एक पाणी साचून राहिले आहे. २०२०-२१ साली भारताचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. २०२३ साली संसदेने संशोधनासाठी नवे राष्ट्रीय प्रतिष्ठान स्थापण्याचा कायदा केला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली आणि त्यातील मोठा वाटा खाजगी क्षेत्राकडून अपेक्षित धरला गेला. रक्कम वाढावी, हे म्हणणे योग्यच. पण प्रत्येक अनुदानाबरोबर दोन अटी घालता येण्यासारख्या आहेत : निष्कर्षाचा एक वृत्तान्त संबंधित लोकांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावा, आणि त्या निष्कर्षातून नियम निघाल्यास त्याचा भार कोणावर पडेल ह्याची नोंद त्या वृत्तान्तात असावी. १९५३ च्या कायद्याने संशोधन केंद्राशेजारी आदर्श मिठागर लिहिले होते. त्या दोन शब्दांमधील अंतर किती कमी झाले, ह्यावरच शासकीय संशोधनाची परीक्षा झाली पाहिजे.