सांगली बँकेचे विलीनीकरण आणि भागधारकांची संमती

१९१६ साली स्थापन झालेली सांगली बँक १९ एप्रिल २००७ रोजी आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. या घटनेची अभ्यासकांत रूढ असलेली मीमांसा अशी की, बँक तोट्यात होती, भांडवल अपुरे होते, सबळ बँकेने तिला सामावून घेतले आणि ठेवीदार निर्धास्त झाले. ही मीमांसा खोटी नाही. परंतु तीत हे विलीनीकरण ‘ऐच्छिक’ होते असे जे गृहीत धरले जाते, त्यास आमचा आक्षेप आहे.

१९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यात विलीनीकरणाचे दोन मार्ग आहेत. कलम ४४अ अन्वये, मतदान करणाऱ्या भागधारकांच्या बहुमताने, आणि तेही त्यांच्या भागांच्या मूल्याच्या दोनतृतीयांश बळाने, योजना संमत व्हावी लागते. कलम ४५ अन्वये केंद्र सरकार व्यवहारांस स्थगिती देते, रिझर्व्ह बँक योजना आखते, आणि भागधारकांच्या मतदानाचा प्रश्नच उरत नाही. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेच्या वाट्यास हा दुसरा मार्ग आला. २ सप्टेंबर २००६ ला स्थगिती, ३ ऑक्टोबरला आयडीबीआयमध्ये विलीनीकरण, आणि दर भागास २८ रुपये. अवघा एक महिना! सांगलीच्या संचालकांनी आपला निर्णय जाहीर केला तो त्यानंतर, डिसेंबरात. खाजगी बँकांनी ३०० कोटी रुपयांचे निव्वळ मूल्य राखावे, ही २००५ ची अट डोक्यावर होतीच. ज्याच्या नकारामागे कलम ४५ उभे आहे, त्याच्या होकारास ऐच्छिक कसे म्हणावे?

सांगली बँकेच्या ९२५ भागांस आयसीआयसीआयचे १०० भाग, असे प्रमाण ठरले. बँकेचे भाग शेअरबाजारात नोंदलेले नव्हते. तेव्हा लहान भागधारकाने या प्रमाणाची पारख कोणत्या मापाने करावयाची? असहमत भागधारकास मोबदला मागता येतो खरा. पण मूल्य ठरविणार रिझर्व्ह बँक, तिचा निर्णय अंतिम, आणि योजनेस मंजुरी देणारीही तीच. नियामकाच्या सचोटीविषयी येथे शंका नाही. दोष रचनेचा आहे.

या व्यवहारातील खरी मोलाची वस्तू म्हणजे बँकेच्या सुमारे दोनशे शाखा. नवी शाखा उघडण्यास त्या काळी रिझर्व्ह बँकेची अनुमती लागे. त्यामुळे तयार शाखांना दुर्मिळतेचे मूल्य आले होते. पण शाखा म्हणजे केवळ परवाना नव्हे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजक खेळत्या भांडवलासाठी ज्या शाखाधिकाऱ्याकडे जातो, तो त्याची पत ताळेबंदाइतकीच ओळखीनेही जोखीत असतो. (हीच ओळख कधी बुडीत कर्जाचे मूळ होते, हे मान्य.) हे ज्ञान ९२५ आणि १०० या आकड्यांत कोठे मांडले आहे? ठेवीदाराचे हित नियामक पाहतो, भागधारकास निदान मत तरी असते. कर्जदारास यांपैकी काहीच नाही.

रिझर्व्ह बँकेची जिल्हावार कर्जांची आकडेवारी प्रसिद्ध होत असते. सांगली जिल्ह्याची २००७ पूर्वीची व नंतरची कोष्टके शेजारी ठेवून, लहान रकमेच्या औद्योगिक कर्जांचे काय झाले हे आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तपासावे. तोवर हे विलीनीकरण यशस्वी झाले, हा पाठ्यपुस्तकी शेरा मान्य करता येत नाही.