गणपत कृष्णाजी व कॅक्स्टन : एका तुलनेचें परीक्षण

मराठी मुद्रणाचा विषय निघाला कीं गणपत कृष्णाजींस इंग्लंडच्या विल्यम कॅक्स्टनच्या पंक्तीस बसविण्याचा मोह होतो. ही तुलना कितपत टिकते, तें येथें पाहावयाचें आहे.

कॅक्स्टन हा मूळचा कापडाचा व्यापारी. ट्रॉयच्या कथांचें फ्रेंचांतून इंग्रजी भाषांतर त्यानें १४७१ त पुरें केलें, सुमारें १४७३-७४ त तें छापून काढिलें, व १४७६ त वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला. भाषांतरकार, मुद्रक, प्रकाशक व ग्रंथविक्रेता हे चारही धंदे त्यानें एकट्यानें चालविले. प्रती लिहितां लिहितां हात थकला म्हणून आपण मुद्रण शिकलों, असें तो स्वतःच सांगून ठेवितो. त्याच्या चरित्राचा बराच भाग अशा त्याच्याच प्रस्तावना-उपसंहारांतून मिळतो.

गणपत कृष्णाजींची (मृत्यु १८६०) कीर्ति भाषांतरावर नाहीं. त्यांची हकीकतही मुख्यतः दुसऱ्याच्या लेखणीची, म्हणजे गोविंद नारायण माडगांवकरांच्या ‘मुंबईचें वर्णन’ (१८६३) या ग्रंथांतील आहे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतील काम पाहून त्यांनीं शिळायंत्र उभें केलें, शाई स्वतः सिद्ध केली, व १८३१ त छापील मराठी पंचांग काढिलें. छापण्याच्या शाईंत चरबी असते म्हणून सोंवळ्यांतील लोक छापील पोथीस शिवत नसत. सबब तुपाची शाई करावी लागली. कॅक्स्टननें परक्या कथा स्वभाषेंत आणिल्या. गणपत कृष्णाजींनीं परकें यंत्र स्वजनांच्या आचारास मानवेल असें केलें. आमच्या मतें खरा भेद हाच होय, व त्यांत कोणासही कमीपणा नाहीं.

संशोधकांस यांतून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. शिळाछापांत लेखकाचें अक्षर जसेंच्या तसें उतरतें. म्हणून अशी पोथी छापील असूनही हस्तलिखिताची सोयरीक सांगते. ज्या प्रतीवरून ती लिहिली ती नष्ट झाली असल्यास पाठनिर्णयास हिचाच आधार उरतो. शहापूर, मुरबाड, भातसानगर या बाजूस बासनें सोडून पाहाणाऱ्या संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, शिळाछाप पोथी ‘छापील’ म्हणून रद्दींत टाकूं नये. शेवटच्या पानावरील शक, छापखाना व लेखकाचें नांव टिपून ठेवावें. ज्या पुरुषानें स्वतःविषयीं प्रस्तावना लिहिली नाहीं, त्याचें चरित्र अशा नोंदींवांचून पुरें होणें नाहीं.