डिजिटल म्हणजे बिनचूक?

डिजिटल दूरध्वनी समजावताना एक ठरावीक चित्र काढले जाते. डावीकडे आवाजाची लाट, मध्ये १ आणि ० यांची रांग आणि उजवीकडे पुन्हा तीच लाट. सोबत वाक्य येते : डिजिटल संदेशात चुका होत नाहीत. चित्र अपुरे आहे, ते चालेल. वाक्य मात्र चुकीचे आहे आणि विद्यार्थ्यांच्या मनात तेच पक्के बसते.

चित्रातला बरोबर भाग आधी पाहू. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात. प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहितात. म्हणजे एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट लागतात. भारतात आणि युरोपात रूढ झालेल्या ‘ई-१’ जोडणीत असे ३२ कप्पे एकापाठोपाठ पाठवले जातात. पण त्यातून संभाषणे होतात साधारणपणे ३०. मग उरलेले २ कप्पे कशासाठी?

हा प्रश्न चित्रातून उद्भवतच नाही. एका कप्प्यातून फिरवलेला क्रमांक, घंटा वगैरे सूचना जातात. दुसऱ्यात, एकाआड एक रांगेत, ००११०११ ही खूण असते. रांग कोठे सुरू होते हे तिच्यावरून कळते. हे कळले नाही तर एकाचे बोलणे दुसऱ्याच्याच कानी पडेल. शिवाय तपासणीची सोय चालू केली असेल, तर दर ८ रांगांसाठी एक पडताळा-संख्या पाठवली जाते. म्हणजे सेकंदाला १,००० पडताळे! चुका होतच नसत्या, तर हा खटाटोप कोणी केला असता?

‘बिनचूक’ ही समजूत आली कोठून? तारेवर ठरावीक अंतराने बसवलेली उपकरणे क्षीण झालेले स्पंद नव्याने घडवतात, त्यामुळे गोंगाट साचत जात नाही. हा गुण खराच मोठा आहे. पण वाटेत १ चा ० झाला, तर पुढचे उपकरण तो चुकीचा ० तितकाच ठसठशीत करून पाठवते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. चित्रात काळच नाही. जोडणी बसवताना घड्याळ कोणत्या टोकाचे मानायचे हे आधी ठरवावे लागते. समजा, दोन्ही टोके आपापल्या घड्याळावर चालली आणि त्यांच्यात १० लाखांत १ एवढाच फरक असला. एक रांग १/८,००० सेकंदाची असते. १०,००,००० ला ८,००० ने भागले की १२५ येतात. म्हणजे दर १२५ सेकंदांनी एक रांग गळेल किंवा दोनदा वाचली जाईल. बोलणाऱ्याला फार तर ‘टक्’ असे ऐकू येईल. फॅक्सच्या कागदावर मात्र ओळी बिघडतील.

गंमत म्हणजे या दोषाने धोक्याचा दिवा लागेलच असे नाही. स्पंद येत असतात, खूणही जागेवर सापडते. वाढत राहतो तो फक्त अशा घसरणी मोजणारा आकडा. म्हणून जोडणीवर देखरेख ठेवायची तर दिवे पाहून भागत नाही, आकडे वाचावे लागतात.

ई-१ ची जागा आता पुष्कळ ठिकाणी इंटरनेटच्या पद्धतीने चालणाऱ्या जोडण्यांनी घेतली आहे. तेथेही वाटेत हरवलेली पाकिटे मोजावीच लागतात.

तेव्हा वर्गात ते वाक्य बदलून असे सांगावे : डिजिटल संदेशात चुका होतात, पण त्यांपैकी बऱ्याचशा पकडता आणि मोजता येतात. सोबत एक खेळ घ्यावा. क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या आणि दोनच चिठ्ठ्या मावतील असा डबा घ्या. एका विद्यार्थ्याने मनातल्या तालावर चिठ्ठी टाकायची, दुसऱ्याने त्याच्या तालावर उचलून वाचायची. डबा भरलेला असेल तर नवी चिठ्ठी बाजूला फेकायची; रिकामा असेल तर मागचीच पुन्हा वाचायची. आणि असे किती वेळा घडले हे मोजण्यासाठी तिसरा विद्यार्थी बसवायला विसरू नये. चित्रात नेमका तोच राहून गेला आहे.