कोव्हॅक्सिन, वीस माकडे आणि वयाचा प्रश्न : 'गोइंग व्हायरल' या पुस्तकाचे समीक्षण

प्रस्तावना

विषाणूंच्या अभ्यासात ग्वाल्हेर शहराचे नाव फार पूर्वीपासून घेतले जाते. येथील संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापनेच्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये शहरात पसरलेल्या डेंग्यूच्या साथीचा अभ्यास केला. पुढे चिकुनगुन्याच्या निदानाची जलद पद्धत याच संस्थेत विकसित झाली आणि २०२० मध्ये मध्य प्रदेशातील कोरोनाचे नमुने सुरुवातीला ज्या मोजक्या ठिकाणी तपासले जात होते, त्यांतही ही संस्था होती. याच शहरात गच्चीवर आणि रस्त्यावर लाल तोंडाची माकडे सहज दिसतात. शास्त्रीय भाषेत त्यांना ऱ्हिसस माकड म्हणतात. काळ्या तोंडाचे वानर वेगळे आणि हे माकड वेगळे. कोरोनाच्या लसीची परीक्षा भारतात प्रथम ज्या नरवानर गणातील प्राण्यावर झाली तो प्राणी हाच. त्यामुळे प्रतिकारशक्ती हा धडा शिकविणाऱ्या ग्वाल्हेरच्या शिक्षकाला उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

हे उदाहरण ज्या पुस्तकामुळे सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचले ते 'गोइंग व्हायरल : मेकिंग ऑफ कोव्हॅक्सिन' २०२१ मध्ये प्रकाशित झाले. लेखक डॉ. बलराम भार्गव हे त्या वेळी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालक होते. या पुस्तकावर आधारलेला 'द व्हॅक्सिन वॉर' हा चित्रपट २०२३ मध्ये आला आणि त्यात भार्गव यांची भूमिका नाना पाटेकर यांनी केली. वर्गातील अनेक विद्यार्थ्यांना ही कथा चित्रपटातूनच ठाऊक आहे. म्हणून या कथनातील शास्त्र कितपत पूर्ण आहे, हे शिक्षकांनी तपासून पाहणे आवश्यक ठरते.

पुस्तकातील माकडांची कथा

पुस्तकातील सर्वांत वाचनीय भाग माकडांच्या शोधाचा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला लसीच्या चाचणीसाठी ऱ्हिसस माकडे हवी होती. प्रयोगशाळेसाठी खास वाढविलेली माकडे देशात मिळत नव्हती. प्राणिसंग्रहालये आणि संस्था यांच्याकडे विचारणा झाली. हवी होती ती तरुण आणि चांगली प्रतिपिंडे तयार करू शकणारी माकडे. टाळेबंदीमुळे माणसांकडून मिळणारे अन्न बंद झाल्याने माकडे जंगलात आत निघून गेली होती. अखेर महाराष्ट्र वन विभागाच्या मदतीने नागपूरच्या परिसरात ती सापडली. या वीस माकडांनाही लेखकाने लसीच्या यशाचे नायक म्हटले आहे. मुक्या प्राण्यांचे ऋण मान्य करण्याची ही वृत्ती कौतुकास पात्र आहे.

प्रत्यक्ष प्रयोगाचा तपशील २०२१ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वीस माकडांचे प्रत्येकी पाचचे चार गट करण्यात आले. एका गटाला लसीऐवजी निष्क्रिय द्रव्य आणि उरलेल्या तीन गटांना लसीचे तीन वेगवेगळे प्रकार चौदा दिवसांच्या अंतराने दोनदा टोचण्यात आले. दुसऱ्या मात्रेनंतर चौदा दिवसांनी सर्व माकडांना जिवंत विषाणूचा संसर्ग देण्यात आला. लस दिलेल्या माकडांच्या रक्तात तिसऱ्या आठवड्यापासून प्रतिपिंडे वाढू लागली होती. संसर्गानंतर सातव्या दिवशी त्यांच्या नाकातून, घशातून व फुप्फुसांतून विषाणू नाहीसा झालेला आढळला. त्यांच्यात न्यूमोनियाची लक्षणे दिसली नाहीत. लस न दिलेल्या गटात ती दिसली.

वय : अडचण की प्रश्न?

या पुस्तकावरील मुख्य आक्षेप येथे नोंदवावा लागतो. माकडाचे वय हा विषय कथनात येतो तो उपलब्धतेची अडचण म्हणून. तरुण माकडे मिळत नव्हती, ती शोधावी लागली, ती मिळाली आणि अडचण दूर झाली, अशी या कथेची रचना आहे. परंतु तरुण माकडेच का हवी होती, याचे उत्तर नीट दिल्यास त्यातून प्रतिकारशक्तीचा एक महत्त्वाचा नियम समोर येतो. वय वाढते तशी थायमस ग्रंथी आक्रसते. नव्या शत्रूला ओळखू शकणाऱ्या अननुभवी टी-पेशी कमी होतात आणि जुन्या संसर्गांची आठवण ठेवणाऱ्या पेशींचे प्रमाण वाढते. शरीरात मंद दाह सतत चालू राहतो. लसीला मिळणारा प्रतिसाद उशिरा आणि कमी येतो. माणूस व ऱ्हिसस माकड या दोघांतही हे बदल साधारण सारख्याच क्रमाने होतात. म्हणूनच वार्धक्याच्या अभ्यासात हे माकड उपयोगी पडते. फरक गतीचा आहे. माकडाचे एक वर्ष माणसाच्या तीन ते चार वर्षांइतके धरले जाते.

तरुण माकडे निवडण्यात प्रयोगकर्त्यांची चूक झाली असे म्हणता येणार नाही. एका गटात पाचच प्राणी असताना त्यांत वृद्ध व तरुण मिसळले असते, तर फरक लसीमुळे पडला की वयामुळे, हे सांगता आले नसते. लस मुळात काम करू शकते का, एवढाच पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर स्पष्ट मिळाले. मात्र कोरोनाने सर्वाधिक बळी घेतले ते वृद्धांचे. ज्यांना लसीची गरज सर्वांत जास्त होती, त्यांच्या वयाविषयी या वीस माकडांनी काहीही सांगितले नव्हते. ही मर्यादा ठळकपणे मांडली असती तर पुस्तकाचे शास्त्रीय मूल्य वाढले असते.

हा केवळ तात्त्विक वाद नाही. कोव्हॅक्सिनला मर्यादित आपत्कालीन परवानगी ३ जानेवारी २०२१ रोजी मिळाली. साठ वर्षांवरील नागरिकांचे लसीकरण १ मार्च रोजी सुरू झाले. तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचा पहिला अंतरिम निष्कर्ष त्यानंतर दोन दिवसांनी, ३ मार्च रोजी जाहीर झाला. म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एखादी आजी १ मार्चला या लसीसाठी रांगेत उभी राहिली तेव्हा तिच्या वयाच्या माणसांत लस किती परिणामकारक आहे याचे मोजमाप हाती आलेले नव्हते. पुढे 'लॅन्सेट' मध्ये संपूर्ण अहवाल आला. त्यानुसार एकूण परिणामकारकता ७७.८ टक्के, साठ वर्षांखालील गटात ७९.४ टक्के आणि साठ व त्यावरील गटात ६७.८ टक्के होती. वृद्ध गटातील अंदाजाची खालची मर्यादा केवळ ८ टक्के आणि वरची ९० टक्के होती. याचा अर्थ वृद्धांवर लस निरुपयोगी होती असा नव्हे; त्या गटातील रुग्णसंख्या नेमके उत्तर देण्यास अपुरी होती, असा आहे. हा भेद विद्यार्थ्याला समजावून देणे हे शिक्षकाचेच काम आहे.

वार्धक्याचा अभ्यास कोठे झाला?

वृद्ध माकडांची प्रतिकारशक्ती अभ्यासायची तर त्यांच्या जन्माची नोंद हवी. जंगलातून पकडलेल्या माकडाचे वय दात व शरीर पाहून अंदाजानेच ठरवावे लागते. नोंदी ठेवलेला सर्वांत प्रसिद्ध समूह प्युर्टो रिकोजवळील कायो सान्तियागो या लहान बेटावर आहे. विशेष म्हणजे ती माकडे भारतीय वंशाची आहेत. क्लॅरन्स कार्पेंटर या शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये भारतातून ४०९ माकडे तेथे नेली. १९५६ पासून तेथील जन्म, मृत्यू व नातेसंबंध यांची पद्धतशीर नोंद होत आली आहे. भारताने १९७८ मध्ये माकडांची निर्यात बंद केली, तरी हा समूह तेथेच वाढत राहिला.

सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया हे चक्रीवादळ त्या बेटावरून गेले व बरीचशी झाडी नष्ट झाली. संशोधकांकडे वादळापूर्वीचे रक्ताचे नमुने होते. त्यांनी वादळानंतरचे नमुने घेऊन तुलना केली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वादळ अनुभवलेल्या माकडांच्या रोगप्रतिकारक पेशींतील जनुकांचे कार्य सरासरी दोन वर्षांनी अधिक म्हातारे झालेले दिसले. माणसाच्या हिशेबाने ही सात-आठ वर्षे होतात. सर्व माकडांवर हा परिणाम सारखा नव्हता.

दुसरा अभ्यास २०१६ चा आहे. त्यात ४५ माद्यांचे पाच-पाचचे गट करून त्यांची सामाजिक उतरंड मुद्दाम बदलण्यात आली. खालच्या स्थानावरील माद्यांच्या पेशींत दाह निर्माण करणारी जनुके अधिक सक्रिय आढळली आणि स्थान बदलताच हा फरकही बदलला. या दोन अभ्यासांतून दिसते की प्रतिकारशक्तीचे वय केवळ जन्मतारखेवर ठरत नाही. आपत्ती, ताण व समाजातील स्थान यांचाही त्यात वाटा असतो. टाळेबंदीत उपाशी राहून जंगलात गेलेल्या नागपूरकडील माकडांनाही हा विचार लागू करून पाहता आला असता. पुस्तकात मात्र त्यांची उपासमार ही शोधातील रोमांचक घटना म्हणूनच येते.

समारोप

'गोइंग व्हायरल' हे शासकीय संशोधन यंत्रणा संकटात कशी चालली याचे मोलाचे कथन आहे. ते ग्रंथालयात असावे आणि विद्यार्थ्यांनी वाचावे. परंतु ते विजयाच्या सुरात लिहिलेले असल्याने प्रयोगाने काय सिद्ध केले हे जितके ठळक होते, तितके काय सिद्ध केले नाही हे होत नाही. वर्गात हे प्रकरण वाचताना शिक्षकांनी तीन प्रश्न विचारावेत. प्रयोगातील प्राणी कोणत्या वयाचे होते? संरक्षण किती दिवस तपासले गेले? आणि ज्यांच्यासाठी लस प्रथम वापरली गेली, त्यांचे प्रतिनिधित्व त्यात होते का?

ग्वाल्हेरच्या गच्चीवर बसलेल्या माकडाचे वय कोणालाही ठाऊक नसते. त्याच्याच वंशातील, दूरच्या बेटावरील माकडाच्या जन्माची नोंद मात्र वहीत आहे. वार्धक्याचे शास्त्र अशा वहीतून उभे राहते, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी आले तर या पुस्तकाच्या वाचनाचा खरा लाभ झाला असे म्हणता येईल.