नाव बदलावे, पण कशासाठी?

‘पोलिटिकली करेक्ट’ भाषेची टिंगल करणे सोपे आहे. पण काही जुनी नावे नुसती असभ्य नव्हती, ती चूक होती. १८६६ साली जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरने, बौद्धिक वाढ मंद असणाऱ्या मुलांच्या एका गटाला चेहरेपट्टीवरून ‘मंगोल’ म्हटले. ही मुले ‘खालच्या’ वंशाकडे घसरली आहेत, असा त्याचा तर्क. १९५९ मध्ये फ्रेंच संशोधकांनी खरे कारण दाखवले : एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन. वंशाचा संबंधच संपला. १९६१ मध्ये काही आनुवंशशास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’मध्ये पत्र लिहून हे नाव टाकावे असे सुचवले, १९६५ मध्ये मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेनेही ते सोडले. मराठीत ‘मंगोलिकता’ अजून भेटते. वर्गात ती नको.

हाच निकष ‘दिव्यांग’ला लावून पाहू. २०१५ साली पंतप्रधानांनी हा शब्द सुचवला. अपंगांच्या अनेक संघटनांनी आक्षेप घेतला. तो मला पटतो. पोलिओ झालेल्या पायात दिव्य ते काय? जुन्या शब्दातली हेटाळणी गेली, पण नवी चूक आली. याउलट २०१६च्या कायद्याने व्याख्येतच वाटेतले अडथळे धरले. चाकांच्या खुर्चीतल्या मुलीची अडचण पायात आहे, तशीच ती शाळेच्या पायऱ्यांतही आहे.